सरकवलेले चार ठिपके

आमच्या भाऊजींना कंपनीत सगळे 'ठिपके' म्हणायचे. तोंडावर ठिपकेसाहेब, पाठ वळली की नुसतं ठिपके. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि त्यांच्याच शब्दावर मी त्या पंख्यांच्या कारखान्यात चिकटले. त्यामुळे दुसऱ्या कुणी त्यांची टिंगल केली की मला दुप्पट झोंबायचं. टिंगल करायचा हक्क फक्त माझा होता आणि तो मी बावीस वर्षं पुरेपूर वापरला.

पंखे म्हणजे छताला टांगतात ते नव्हेत. माणूस आत सरळ उभा राहील एवढ्या घेराचे, मोठमोठ्या कारखान्यांतला धूर आणि धूळ ओढून बाहेर फेकणारे. अशा पंख्याचं पातं किती जाड ठेवायचं, किती तिरकं बसवायचं, हे आधी कॉम्प्युटरवर ठरतं. कॉम्प्युटरच्या आत खोटा पंखा फिरवायचा, त्यातून खोटी हवा सोडायची आणि काय होतं ते बघायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण असा एक पंखा एकदा फिरवायला आमच्या मशीनला सात तास लागायचे, आणि बदलता येण्यासारख्या गोष्टी पाच. पात्याची जाडी, पात्याचा तिरकेपणा, मधल्या लोखंडी गाभ्याचा घेर, फिरण्याचा वेग आणि पाचवी म्हणजे पुढे हवा किती अडते ती. ही पाचवी आपल्या हातातली नव्हेच, ती गिऱ्हाइकाकडची. जाळी धुळीने तुंबली की हवा अडते, साफ केली की मोकळी वाहते.

"प्रत्येक गोष्टीची दहा-दहा मापं धर," भाऊजींनी मला पहिल्याच आठवड्यात कागदावर करून दाखवलं होतं, "म्हणजे झाले एक लाख पंखे. एकेकाला सात तास. सगळे फिरवायचे तर ऐंशी वर्षं लागतील, मेहुणीबाई. तेवढी वर्षं साहेबही थांबणार नाहीत आणि मीही नाही."

मग काय करायचं? लाखातले साठ निवडायचे, त्यांनाच आम्ही ठिपके म्हणायचो. ते साठ फिरवायचे आणि बाकीच्यांचा अंदाज त्यावरून बांधायचा. अंदाज बांधायचं काम कॉम्प्युटर करतो, खुंट्यांवर चादर ताणावी तसा तो ठिपक्याठिपक्यांवरून आकड्यांची चादर ताणतो आणि तिच्यावरची सर्वांत चांगली जागा शोधून देतो. पण खुंट्या कुठं ठोकायच्या, म्हणजे ते साठ ठिपके कुठले, हे ठरवायचं काम भाऊजींचं. तेवढंच काम. जन्मभर.

नवीन आलेली पोरं म्हणायची, त्यात काय, बटण दाबलं की कॉम्प्युटरच यादी देतो. देतो की. भाऊजीही बटण दाबायचे. पण मग ती यादी घेऊन बसायचे. पाच गोष्टींच्या दोन-दोनच्या जोड्या केल्या तर दहा होतात, म्हणून चौकटीच्या कागदाचे दहा ताव टेबलावर आणि टेबल पुरलं नाही तर जमिनीवर. फाइलींना भोकं पाडायच्या मशीनमधून पडतात त्या कागदाच्या टिकल्या ते डबीत साठवून ठेवत आणि एकेक टिकली चिमट्याने कागदावर मांडत. कुठं गर्दी झालीय, कुठं ओसाड पडलंय, हे डोळे बारीक करून बघत. झाडूवाल्या मावशी कपाळावर हात मारायच्या. एकदा त्यांनी खिडकी उघडली आणि तीन दिवसांचं काम वाऱ्यावर गेलं, तर हा माणूस रागावलाही नाही. खाली बसून टिकल्या वेचत म्हणाला, "बरं झालं, मावशी, डाव्या बाजूला जरा दाटीच झाली होती."

घरीही तीच तऱ्हा. कलिंगड घ्यायला गेले की नऊ ठिकाणी वाजवून बघायचे, दोन्ही टोकांसकट. विक्रेता वैतागून म्हणायचा, साहेब, लग्न लावताय का त्याच्याशी? नव्या घराला रंग द्यायचा होता तेव्हा ओल बघायला म्हणून सगळ्या भिंतींवर पेन्सिलीने खुणा केल्या, कपाटामागे पण. ताई म्हणायची, "ह्यांना विचारलं चहा कसा झालाय, तर आधी वरचा घोट, मग मधला, मग तळाचा, आणि तोवर मी शेजारी जाऊन येते." मी हसायचे. पण एक सांगते, कपाटामागेच ओल निघाली होती.

"जिथं कुणी बघायला जात नाही, तिथं आपला एक ठिपका पाहिजे," असं ते नेहमी म्हणायचे. "बाकीच्या ठिकाणी लोक जाऊन येतातच."

त्याच माणसाच्या हातून ते घडलं, म्हणून तर सांगायला बसले.

एका ओतकाम कारखान्याची मोठी ऑर्डर आली होती. वितळलेलं लोखंड साच्यांत ओततात तिथं, त्यामुळे धूर आणि बारीक धूळ भरपूर. हलका पंखा हवा होता, वीज कमी खाणारा. भाऊजींनी साठ ठिपके मांडले, मशीनवर लावले. छप्पन्न सुरळीत पार पडले. चार अडकले.

अडकले म्हणजे कसे? कॉम्प्युटर हवेचा हिशेब पुन्हापुन्हा करतो, आणि दर खेपेला आकडे थोडे थोडे स्थिरावत जातात. ह्या चार ठिकाणी ते स्थिरावेचनात. वर-खाली, वर-खाली, आणि शेवटी मशीनने हात टेकले. असं अधूनमधून व्हायचं. बहुतेक वेळा दोष हिशेबासाठी आखलेल्या जाळीत असायचा, पंख्यात नसायचा. त्यावर आमच्या ऑफिसात सर्वांनी मानलेला एक उपाय होता. ठिपका जरासा सरकवायचा. जाडी केसभर वाढवायची, तिरकेपणा अर्धा अंश कमी करायचा, की मशीन गुमान चालतं. रकाना भरतो, तक्ता पुरा होतो. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळेच करायचे. फक्त भाऊजी करत नसत. ते अडलेल्या ठिपक्याची जाळी नव्याने विणायचे, दोन-दोन दिवस घालवायचे आणि साहेबांच्या शिव्या खायचे.

ह्या वेळी त्यांनी तेही केलं. नवी जाळी, तरी अडलं. पुन्हा नवी, तरी अडलं. असे अकरा दिवस गेले. गिऱ्हाईक गुरुवारी येणार होतं. साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले, म्हणाले, "ठिपके, साठातले छप्पन्न झालेत. चारांसाठी कंपनी बंद ठेवायची का?"

भाऊजींनी बुधवारी दुपारी चारही ठिपके सरकवले. दुसऱ्यांची मशीनं मागून घेऊन चारही एकदम लावले आणि सातव्या तासाला चारही सुटले. त्यांनी आपल्या वहीत त्या चारांपुढे पेन्सिलीने बारीक फुल्या केल्या आणि घरी जाऊन झोपले. पुढे त्यांनी मला सांगितलं की त्या दिवशी त्यांना फार हलकं वाटलं होतं. इतकी वर्षं उगाच स्वतःचा जीव खाल्ला, असं वाटलं होतं.

चारही ठिपके एकाच कोपऱ्यातले होते. पातळ पातं, जास्त तिरकं आणि हवा जास्त अडलेली. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही असं मी म्हणणार नाही. आली होती. पण सुटल्यावर त्या माणसाने मागे वळून बघितलं नाही, एवढं खरं.

चादर ताणली गेली. कोपऱ्यात खड्डा होता, तिच्याखाली झाकला गेला. कॉम्प्युटरने सर्वांत चांगला पंखा म्हणून काढून दिला तो नेमका त्याच बाजूचा, पातळ आणि तिरक्या पात्यांचा. पुढची धुळीची जाळी साफ असताना तो कसा चालतो हे फिरवून बघितलं, तर झकास. हलका, शांत, वीज कमी. साहेब खूश, गिऱ्हाईक खूश.

पाती गाभ्याला जोडली शिवणकाकांनी. शिवणकाका म्हणजे आमचे सर्वांत जुने वेल्डर. त्यांचा वेल्ड शिवणीसारखा यायचा, एकेक टाका सारखा, म्हणून ते नाव. दुसऱ्यांचे वेल्ड घासून-पुसून साफ करावे लागत, त्यांच्यावर ब्रश फिरवला की झालं. वर्कशॉपमध्ये कुणी नवीन आलं की त्याला आधी शिवणकाकांनी जोडलेला तुकडा दाखवायचे. ते स्वतः त्याबद्दल काही बोलत नसत. फक्त वेल्ड झाला की अंगठा त्यावरून एकदा फिरवायचे, गरम असला तरी.

आणि चाचणी केली मी. चाचणीच्या शेडची मी मुख्य. तयार झालेला पंखा लांबलचक नळकांड्याला जोडायचा, समोरची झडप कमी-जास्त करायची आणि हवा, वीज, थरथर मोजायची. झडप कितपत मिटायची ह्या पाच जागा मला लिहून यायच्या. पाचही जागी पंखा पास झाला. मी सही केली.

आता जे सांगते ते त्या वेळी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या आधी त्या शेडवर जे होते, ते पाच जागा झाल्यावर सहावी स्वतःच्या मनाने करायचे. झडप जवळजवळ मिटून टाकायचे आणि पंखा गुरगुरतो का ते ऐकायचे. मलाही त्यांनी शिकवलं होतं. पण त्यात अर्धा दिवस जातो, त्या आवाजाने शेजारच्या शेडमधले बोंबा मारतात, आणि कागदावर ते कुठं मागितलेलं नसतं. मी ते कधीचंच सोडून दिलं होतं.

पंखा ओतकाम कारखान्यात बसला. पाच महिने छान फिरला. सहाव्या महिन्यात धुळीने जाळी तुंबली, साफ करायची राहिली, आणि एका दुपारी एक पातं तुटून पत्रा फाडून बाहेर आलं. खाली साचे लावणारा एक कामगार उभा होता. तो वाचला, पण उजवा पाय गुडघ्यातून काढावा लागला.

चौकशी दहा दिवसांत आटोपली. तुटलेलं पातं टेबलावर ठेवलेलं मी पाहिलं. ते वेल्डच्या अगदी कडेला तुटलं होतं. हलून हलून तुटणारं पातं तिथंच तुटणार, कारण ते तिथंच धरलेलं असतं. हे मला कळत होतं, साहेबांनाही कळत असणार. पण कागदावर आलं, 'वेल्डिंगमधील दोष'. डिझाइनचे कागद चोख होते, चाचणीची सही होती, मग उरलं कोण? शिवणकाकांना वेल्डिंगवरून काढलं आणि मागच्या गोदामात खोकी बांधायला बसवलं. नोकरीवरून नाही काढलं, म्हणून वर उपकार. एकतीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस खोक्यांना चिकटपट्ट्या लावत बसला, आणि ह्यात कुणाला काही वाटलं नाही. माझीच जीभ टाळ्याला चिकटली होती, तर दुसऱ्यांना काय नावं ठेवू?

त्या रविवारी भाऊजींनी मला घरी बोलावलं. ताई आत कपड्यांच्या घड्या करत होती. त्यांनी वही काढून माझ्यापुढे सरकवली, बोट फुल्यांवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. अडलेले चार, अकरा दिवस, साहेब, बुधवार.

"मशीन अडत होतं कारण तिथं हवाच अडखळत होती," ते म्हणाले. "खरोखरची. पात्यावरून सुटून मागे फिरत होती. हिशेब स्थिरावत नव्हता, कारण स्थिर असं तिथं काही नव्हतंच. मशीन मला ओरडून सांगत होतं आणि मी ठिपका सरकवला. त्या बिचाऱ्याचा वेल्ड सोन्यासारखा होता गं."

मी घाबरले. शिवणकाकांसाठी नव्हे, हे लाज सोडून सांगते. ते प्रकरण उघडलं की पुढचा प्रश्न कुणाला येणार होता? चाचणीत कसं दिसलं नाही, हा. आणि मला ती सहावी जागा आठवली.

"नक्की का?" मी विचारलं. "तुम्हीच म्हणता ना, हिशेबाच्या जाळीचा दोष असतो म्हणून?"

"असतो. नेहमी तोच असतो. पण ह्या वेळी..."

"मग आधी खात्री करा. चारही पुन्हा फिरवा, नीट. हातात पुरावा नसताना साहेबांसमोर गेलात तर ते तुम्हाला उभं तरी करतील का?"

हा घाव मी बरोबर ठिकाणी घातला होता. अपुऱ्या ठिपक्यांवर बोलायचं नाही, हा त्या माणसाचा धर्म. त्यांनी मान हलवली. ताई घड्या घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "काय खलबतं चाललीयेत?" मी म्हटलं, "काही नाही गं, ऑफिसातलं."

चारही ठिकाणी हवा क्षणाक्षणाला कशी वागते हे दाखवणारा हिशेब वेगळा असतो, जड. एकेका ठिपक्याला नऊ दिवस. भाऊजींनी कुणाला न सांगता जुन्या, बाजूला पडलेल्या मशीनवर तो लावला. नऊ दिवसांनी पहिला आला. त्यात पातं कसं थडथडतंय ते आंधळ्यालाही दिसलं असतं. मी तो पडदा बघितला आणि म्हटलं, "एकावरून काय कळणार?"

ते म्हणाले, "हो, एक म्हणजे काहीच नाही."

दुसरा आला. तिसरा आला. दर नऊ दिवसांनी ते माझ्याकडे बघायचे आणि दर नऊ दिवसांनी मी म्हणायचे, आता एवढं केलंय तर पुरं होऊ द्या. मधल्या वेळात ते जेवायच्या सुट्टीत गोदामाच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. शिवणकाका पाठमोरे बसले होते. समोर खोकं होतं, हातात पट्टी होती आणि ते नुसते आपल्या हातांकडे बघत होते. भाऊजींनी दाराच्या चौकटीला हात लावला, जरा उभे राहिले आणि म्हणाले, "अजून अकरा दिवस."

छत्तीस दिवस झाले. चारही कागद घेऊन ते साहेबांकडे गेले. मी बाहेर होते, दार अर्धवट उघडं होतं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हे सांगितलंच पाहिजे. माणूस अडाणी नव्हता.

"पुढच्या पंख्यांना पातं जाड करू," ते म्हणाले. "ह्याच ऑर्डरमधले बाकीचे तीन पंखे आहेत ते दुरुस्तीच्या नावाखाली बदलून टाकू. चांगलं केलंत."

"आणि शिवणकाका?"

"फाइल बंद झालीय, ठिपके. गिऱ्हाइकाने मान्य केलंय, विमावाल्यांनी मान्य केलंय. त्या कामगारानेही सही केलीय. आता ती उघडली तर कुणाचं भलं होणार? आणि काकांना आपण काढलेलं नाही."

"वेल्ड चांगला होता, साहेब."

"मला माहितीये," साहेब म्हणाले आणि फोन उचलला.

भाऊजी बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता. म्हणाले, "फाइल राहू दे. ज्याचं आहे त्याला तरी सांगायला हवं. रविवारी मी जातोय. तू येशील? तुझं नाव चाचणीवर आहे. तू म्हणालीस तर ते विश्वास ठेवतील." मी हो म्हटलं. खरंच जायचं ठरवून हो म्हटलं होतं. आठवडाभर आरशासमोर वाक्य पाठ केलं. 'काका, मी झडप मिटून बघितलंच नव्हतं.' सहा शब्दांचं वाक्य.

शिवणकाका टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत राहायचे. जिना बाहेरून, लोखंडी. पहिल्या खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या, भिंतीला टेकवलेली सायकल आणि कोपऱ्यात एक लोखंडी स्टूल, त्याचा एक पाय निखळून शेजारी ठेवलेला. काकू लगबगीने पाणी घेऊन आल्या, साहेब घरी आले म्हणून संकोचल्या. काका पलंगाच्या कडेला बसले. महिनाभरात दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते.

भाऊजींनी कागद पलंगावर पसरले. त्यांना बोलायची कला नव्हतीच. तरी सगळं सांगितलं, स्वतःला जराही न वाचवता. इथं माझा ठिपका होता, तो मी इथं सरकवला. इथं पातं थडथडतं. असं थडथडलं तर जगातला कुठलाही वेल्ड टिकणार नाही. चूक माझी, तुमची नाही. शेवटी त्यांनी हात जोडले.

काकांनी सगळे कागद गोळा केले. मग त्यांनी ते एकावर एक नीट ठेवले.

"साहेब, तुम्ही भले माणूस," ते म्हणाले. "पण माझ्यासाठी हे कशाला करताय? तो सातव्या पात्याचा वेल्ड होता. मला आठवतंय ना. त्या दिवशी वीज जरा खाली-वर होत होती. मध्येच ठिणगी तुटली आणि माझा हात हलला. मला तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, चालेल. अंगठा फिरवून बघितला तर लागलंही होतं बोटाला, एक बारीक खड्डा. तरी मी पुढे सरकलो."

"काका, असं काही झालं नव्हतं," भाऊजी म्हणाले. "मी तुटलेला भाग पाहिलाय. तिथं खड्डा नव्हता."

"तुम्हाला नसेल दिसला. मला लागला होता." त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठ्याचं टोक दाखवलं. "रोज तेच आठवतं. आता रोज जरा जास्तच आठवतं. कोपऱ्यातलं ते स्टूल बघा, महिना झाला तसंच पडलंय. हिला म्हटलं, टाकून दे. माझ्या जोडलेल्या स्टुलावर आता कुणी बसायचं?"

काकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी बोलायला तोंड उघडलं. पण त्याआधी काकाच माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुम्ही सांगा. पंखा तुमच्याकडे पास झाला होता ना?"

"झाला होता."

"म्हणजे पंखा बरोबर होता. तुमची चाचणी चुकेल का कधी?"

बावीस वर्षं मला हा प्रश्न विचारलेला आहे. गिऱ्हाइकांनी, साहेबांनी, नव्या पोरांनी. बावीस वर्षं मी एकच उत्तर दिलेलं आहे. सवय म्हणा, भीती म्हणा. मी तिला काही नाव देऊन सुटका करून घेणार नाही. पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं, अगदी ओठांवर.

"नाही," मी म्हटलं. "चाचणी नाही चुकत."

"बघा," शिवणकाका भाऊजींना म्हणाले, आणि त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की जणू त्यांना तेच ऐकायचं होतं. "अगं, साहेबांना चहा टाक. बिस्किटं आहेत का बघ."

भाऊजींनी चहा घेतला. एक बिस्किटही घेतलं. कागद घडी करून पिशवीत ठेवले. जिन्यावर मी त्यांच्या मागे होते आणि एवढंच म्हणू शकले, "भाऊजी..."

"सावकाश उतर," ते पुढे बघत म्हणाले. "मधली पायरी हलतेय."

त्याबद्दल ते मला आजवर एक शब्दही बोललेले नाहीत. ताईलाही सांगितलेलं नाही, नाहीतर तिने मला तिचं घर बंद केलं असतं. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. रविवारी आमच्याकडे येतात, माझ्या हातचा चहा पितात, मुलांची चौकशी करतात, पूर्वीसारखं मेहुणीबाई म्हणतात. त्यांनी एकदा तरी मला शिव्या घालायला हव्या होत्या. मी वाट बघून थकले.

शिवणकाका गेल्या महिन्यात गेले. खोकी बांधत बांधत रिटायर झाले होते, वेल्डची बंदूक पुन्हा हातात धरली नाही. भाऊजी आणि मी, दोघं गेलो होतो. खाली टायरच्या दुकानासमोर बरीच माणसं जमली होती. त्यांची मुलगी रडत रडत येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होती की आमचे बाबा फार सरळ होते, हातून एकदा चूक झाली, पण दुसऱ्या कुणावर ढकलली नाही, स्वतःहून कबूल केली. लोक मान हलवत होते. तिने आम्हाला पाहिलं, पुढे आली आणि म्हणाली, "तुम्हाला तर माहितीच आहे."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "हो."